पापांगीकार नेमका करायचा कसा? कोणापुढे, किती तपशिलात, आणि भरपाईचं काय?

रंकाळा_सकाळ
राखेचा बुधवार झाला, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या घरसभा सुरू झाल्या. आमच्या शाहूपुरीतल्या गटानं यंदा पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, आणि क्षमा हा विषय धरलाय. वचनं सगळ्यांना पाठ आहेत. अडतं ते प्रत्यक्षात काय करायचं तिथं. म्हणून इथं जाणकारांना विचारतो. साक्षी, म्हणजे स्वतःचे अनुभव, नकोत, पद्धत सांगा.

बोलायला एक नमुना घेऊ. बनवलेला आहे, पण जिल्ह्यात कुणालाही समजेल असा. गावच्या दूध संस्थेत संकलनावर बसणारा माणूस. तीन वर्षं ठरावीक सभासदांची फॅट, म्हणजे ज्यावर दुधाचा दर ठरतो तो स्निग्धांश, कमी लावली आणि तेवढा फायदा घरच्या खात्यावर चढवला. आता तो प्रभूकडे वळलाय, गुडघे टेकून रडलाय. कुणाला काही कळलेलं नाही. पुढं काय?

प्रश्न असे: रविवारच्या उपासनेतली सामुदायिक प्रार्थना पुरते का? पाळकांना सांगायलाच हवं का? पैशाचं काय? आणि एवढं करूनही मनाला क्षमा मिळाल्यासारखं वाटलं नाही तर?

मागचा_बाक
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच परंपरेत लिहिलेलं आहे. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली आले, पुढं हे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. त्या परंपरेचा पाया म्हणजे १६४६ मध्ये लंडनात पूर्ण झालेला वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे काय मानतो ते लिहून ठेवलेला दस्तऐवज. त्याचं पंधरावं प्रकरण पश्चात्तापावर आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की मोघम पश्चात्तापावर समाधान मानू नये, एकेका पापाचा एकेक करून पश्चात्ताप करायचा प्रयत्न करणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे.

रविवारी आपण सगळे मिळून "विचारानं, शब्दानं, कृतीनं" म्हणतो ते मंडळी म्हणून म्हणतो. ते हवंच. पण दूधवाला त्या वाक्याच्या आड आरामात बसू शकतो. शेजारचाही तेच म्हणतोय, मग यात माझं काय वेगळं?

शास्त्रातले दोन कबुलीजबाब शेजारी शेजारी ठेवून वाचा. १ शमुवेल १५ मध्ये देवाची आज्ञा मोडणारा शौल राजा. "पाप केलं" म्हणतो खरा, पण सोबत लोकांना भ्यालो म्हणतो, जनावरं लोकांनी राखली म्हणतो, आणि लगेच वडीलजनांपुढं माझा मान राखा अशी विनंती करतो. यहोशवा ७ मध्ये लुटीतला माल चोरणारा आखान. तो मोजून सांगतो: शिनारी झगा एक, चांदी दोनशे शेकेल, सोन्याची वीट पन्नास शेकेल वजनाची, डेऱ्यात जमिनीत पुरलीय, चांदी तळाशी. काय, किती, कुठं. दोघांनाही पुढं शिक्षा झाली, त्यामुळे कबुलीनं शिक्षा टळते असा अर्थ काढू नका. कबुली कशी दिसते एवढंच त्यातून घ्या.

आता पद्धत. एकांतात कागद घ्या आणि क्रियापद कर्त्यासकट लिहा: "मी अमक्याची फॅट कमी लावली." "चुका झाल्या", "घडून गेलं", "परिस्थिती तशी होती" ही वाक्यं खोडा, त्यांना कर्ताच नाही. "जर कुणी दुखावलं असेल तर" हेही खोडा. कारण लिहायचं असेल तर शेवटी वेगळं लिहा, म्हणजे कबुलीत मिसळणार नाही. मग स्तोत्र ५१ वाचून तो कागद देवापुढं मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचताना जीभ अडखळत नाही, आणि अडखळते तिथंच बहुतेक वेळा खरी गोष्ट असते. त्यानंतर १ योहान १:९ वर थांबा. पापं पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे. क्षमा त्याच्या वचनावर उभी आहे, तुमच्या रडण्याच्या मापावर नाही. कागद मग जाळा. तो कपाटात ठेवायचा नसतो.

शनिवारची_रांग
कॅथलिक बाजूनं लिहितो, कारण आमच्याकडं याची पायरी न् पायरी ठरलेली आहे आणि गैरसमजही लई आहेत.

आधी विवेकाची तपासणी. दहा आज्ञा किंवा डोंगरावरचं प्रवचन समोर ठेवून पंधरा-वीस मिनिटं. मग दुःख, मग पुन्हा न करण्याचा निश्चय, मग फादरांपुढं निवेदन, आणि शेवटी सांगितलेलं प्रायश्चित्त पूर्ण करणं. आत गेल्यावर क्रूसाची खूण करायची, मागचं कन्फेशन होऊन किती दिवस झाले ते सांगायचं, पापं सांगायची, फादर दोन शब्द बोलतात आणि प्रायश्चित्त देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, ते पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. पाच ते दहा मिनिटांचं काम. जाळीआडून बोलायचं की समोरासमोर, ते तुम्ही ठरवा. प्रार्थना आठवत नसेल तर फादर सांगतात, त्यासाठी माघारी जाऊ नका.

काय सांगायचं? गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या. गंभीर म्हणजे तीन गोष्टी एकत्र: बाब गंभीर, ती गंभीर असल्याची पूर्ण जाणीव, आणि राजीखुशीनं केलेली. संख्या नेमकी आठवत नसेल तर "तीन वर्षं, जवळजवळ रोज" पुरे. दूधवाल्यानं "थोडा खोटेपणा केला" म्हणणं अपुरं, आणि कुठल्या सभासदाची म्हैस किती दूध देते हे सांगणं फाजील. दुसऱ्याचं नाव घ्यायचंच नाही.

चुकतं कुठं ते बघा. एखादं पाप खरंच विसरलं तर तेही क्षमेत आलं, फक्त आठवल्यावर पुढच्या वेळी सांगायचं. पण लाजेनं जाणूनबुजून गंभीर पाप दडवलं तर ते कन्फेशन वायाच गेलं, बाकीची पापं सांगितलेली असली तरी. दुसरी चूक म्हणजे बायकोची, भावाची, संचालकांची पापं सांगत बसणं. फादरांना हे रोज ऐकावं लागतं, आणि रांग थांबते ती यामुळंच. फोनवर किंवा व्हिडिओवर संस्कार होत नाही, प्रत्यक्ष हजर राहावं लागतं.

वर्षातून निदान एकदा गंभीर पापांचं कन्फेशन हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासूनचा. आणि गुप्ततेचं बंधन: फादरांनी ते थेट मोडलं तर त्याच क्षणी ते धर्मबहिष्कृत होतात, आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमकडं राखलेला आहे.

कागलचा_माणूस
एवढा खटाटोप कशाला? देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, १ तीमथ्य २:५. थेट बोला, मोकळं व्हा.

शनिवारची_रांग
कागलचा_माणूस, मध्यस्थ एकच हे आम्हीही म्हणतो. आमचं म्हणणं योहान २०:२३ वर आहे. पुनरुत्थानानंतर प्रभूनं शिष्यांवर श्वास टाकला आणि ज्यांच्या पापांची क्षमा तुम्ही कराल त्यांची झाली असं सांगितलं. ऐकल्याशिवाय कुणाची करायची आणि कुणाची नाही, हे ठरणार कसं? तुम्ही त्या वचनाचा अर्थ सुवार्ता जाहीर करणं असा घेता, तिथं आपला मतभेद. तो या धाग्यावर मिटणार नाही.

मागचा_बाक
मिटणार नाही हे खरं. पण आपल्या प्रॉटेस्टंट लोकांनी "थेट देवाशी" या शब्दांचा फार स्वस्तात उपयोग केलाय. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. मत्तय ५:२३-२४ तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाकडं जायला सांगतं. वेस्टमिन्स्टरच्या त्याच प्रकरणात पुढं आहे की ज्यानं भावाला किंवा मंडळीला दुखावलं, त्यानं खासगी किंवा जाहीर कबुली देऊन त्यांच्यापुढं पश्चात्ताप दाखवायला तयार असावं, आणि मग त्यांनी त्याच्याशी समेट करावा. थेट देवाशी बोलून दूधवाला मोकळा होत असेल, सभासद होत नाहीत.

वहीखाते
पैशावर मी लिहितो. इथं सगळे भावनेत वाहतात आणि आकडा कुणी मांडत नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात हे काम चोख आहे. लेवीय ६ आणि गणना ५ : पाप कबूल करायचं, मुद्दल पूर्ण परत द्यायचं आणि त्यावर पाचवा हिस्सा घालायचा. लेवीयात तो ज्याचा माल त्याला, दोषार्पण (अपराधाबद्दलचं अर्पण) आणायच्या दिवशीच द्यायला सांगितलाय. गणना ५:८ मध्ये पुढची अडचणही सोडवलीय: माणूस नसेल आणि जवळचा नातलगही नसेल तर ती रक्कम परमेश्वराची, म्हणजे याजकाकडं. क्रम लक्षात घ्या. मालक, मग वारस, मग देवाचं घर. आपल्याकडं उलटं चालतं. दानपेटीत मोठी नोट टाकली की झालं! मालक त्याच गल्लीत राहत असताना दानपेटीत टाकलेले पैसे ही भरपाई नव्हे.

आता हिशेब. समजा एक सभासद रोज सरासरी १० लिटर घालतो आणि फॅट कमी लावल्यानं लिटरमागे १ रुपया मारला गेला. वर्षाचे ३,६५०, तीन वर्षांचे १०,९५०. पाचवा हिस्सा २,१९०. एकूण १३,१४०. असे चाळीस सभासद असतील तर ५,२५,६००. हा आकडा डोळ्यांपुढं आला की लोक परत "थेट देवाशी" कडं वळतात.

नोंदी मिळतात. दहा-दहा दिवसांची बिलं संस्थेत असतात, लिटर आणि फॅट दोन्ही असतं. ज्या काळात फॅट मारली त्याच्या आधीची आणि नंतरची सरासरी काढायची, फरक तोच. म्हैस-गाय वेगळी धरा, उन्हाळा-पावसाळा वेगळा धरा, कारण फॅट ऋतूप्रमाणं हलते. शंका असेल तिथं आकडा सभासदाच्या बाजूनं वर धरायचा. एकरकमी नसेल तर हप्ता, पण हप्ता लेखी आणि तारखेसकट. "जमेल तसं देतो" म्हणजे देत नाही.

जकातदार जक्कयाचं उदाहरण सगळे देतात, लूक १९. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट. तो त्यानं आपणहून बोललेला आकडा आहे, नियमशास्त्रातली चौपट मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला लावलेली, निर्गम २२:१. गृहसभेत चौपट सक्तीची करू नका, माणूस पळून जाईल.

रंकाळा_सकाळ
वहीखाते, पाचवा हिस्सा ख्रिस्ती माणसाला बंधनकारक आहे का मग?

मागचा_बाक
माझं मत: मुद्दल बंधनकारक, पाचवा हिस्सा मार्गदर्शक. इस्राएलचा दिवाणी कायदा जसाच्या तसा आपल्यावर नाही. पण तीन वर्षं पैसा वापरला, त्याची झळ सभासदाला बसली, तेव्हा नुसतं मुद्दल देऊन फिटंफाट म्हणणं मला पटत नाही.

मात्र भरपाई ही क्षमेची किंमत नव्हे. हे गृहसभेत आधी सांगा, नाहीतर ज्याच्याकडं पाच लाख नाहीत तो स्वतःला नरकात घालून बसेल. क्षमा वधस्तंभावर झाली. भरपाई त्या क्षमेतून निघते, जक्कयाच्या घरी प्रभू आधी पाहुणा म्हणून गेला तशी.

शनिवारची_रांग
आमच्याकडंही तसंच. पापमुक्तीनं पाप जातं, पण त्यानं केलेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेलं परत करणं न्यायानंच लागतं आणि परत करायची तयारीच नसेल तर पश्चात्ताप खरा का, असं फादर विचारणारच. एक फरक सांगतो. आमच्या नीतिशास्त्रात गुपचूप परत करणं चालतं, गरज पडली तर फादरांच्या हातूनही. स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडायची सक्ती नाही.

वहीखाते
गुपचूप चालतं, पण एक अपवाद पक्का धरा. फॅटमधल्या गोंधळाचा आळ दुसऱ्या कुणावर आला असेल, समजा मापावरचा पोरगा कामावरून गेला असेल, तर पैसे पाकिटात घालून भागत नाही. त्याचं नाव स्वच्छ करावं लागेल, आणि ते उघड बोलल्याशिवाय होत नाही. त्याचा बुडालेला पगारही हिशेबात धरा.

सनदवाला
कायद्याच्या बाजूनं थोडं, कारण इथं कुणी ते बघत नाहीये.

पैसे परत केल्यानं फौजदारी गुन्हा आपोआप मिटत नाही. संस्थेकडं जाण्याआधी वकील गाठा. वकिलाशी झालेलं बोलणं कायद्यानं संरक्षित आहे. पाळकांशी किंवा फादरांशी झालेल्या बोलण्याला तसं संरक्षण भारतीय साक्ष अधिनियमात दिलेलं नाही. चर्चचा गुप्ततेचा नियम चर्चच्या जागी आहे, न्यायालयाच्या नाही. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, पण गृहसभेत किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिलेली कबुली पुरावा म्हणून पुढं येऊ शकते. याचा अर्थ कबूल करू नका असा नाही. परिणाम माहीत असून करा. पैसे देताना संस्थेची पावती घ्या, रोख हातात सरकवू नका.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची कबुली किंवा तक्रार मंडळीत कुणाच्या कानावर आली तर ती "आपल्यात मिटवायची" नसते. पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणं ज्याला माहिती आहे त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. पाळक, वडीलजन, संडे स्कूलच्या ताई, कुणालाही सूट नाही. चाइल्डलाइन १०९८. आरोपीनं रडून क्षमा मागितली म्हणून मुलाच्या आईवडिलांना "क्षमा करा" सांगायला जाणं तर अजिबात नको.

शनिवारची_रांग
यात आमच्या फादरांपुढं खरा पेच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कन्फेशनमध्ये ऐकलेलं ते कुठल्याच कारणानं बाहेर काढू शकत नाहीत. कन्फेशनबाहेर कळलेल्या गोष्टीला हे बंधन लागू नाही, तिथं कळवायचंच. म्हणून पीडितानं किंवा पालकांनी हे कन्फेशनमध्ये न सांगता ऑफिसमध्ये बसून सांगावं.

ताराराणी_चौक
जाहीर साक्षींबद्दल कुणीतरी लिहा. उजळणीच्या, म्हणजे आत्मिक जागृतीच्या, सभांत माईक हातात आला की माणसं काय काय बोलतात! केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली मोठमोठ्यानं रडत पापं कबूल करत होत्या, त्याचा दाखला दरवर्षी दिला जातो. पण आता माईक, मोबाइल आणि यूट्यूब आहे. एक बाई उठून म्हणते, "मी अमक्या ताईंचा मनातून द्वेष करत होते." ताई तिसऱ्या रांगेत. तोपर्यंत त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मागचा_बाक
जुना नियम आहे, पाप जेवढ्या वर्तुळात झालं तेवढ्याच वर्तुळात कबुली. मनातलं पाप देवापुढं. एका माणसाविरुद्धचं त्या माणसापुढं, एकांतात, मत्तय १८:१५ मध्ये ज्याचा अपराध झाला त्यालाही "दोघं एकांती असताना" असंच सांगितलंय. मंडळीची अब्रू गेली असेल तर मंडळीपुढं. मनातला द्वेष त्या ताईंना सांगणं म्हणजे आपलं ओझं त्यांच्या डोक्यावर टाकणं.

व्यभिचाराचं अवघड आहे. जोडीदाराविरुद्धचं पाप आहे तेव्हा त्या वर्तुळात जोडीदार येतोच, पण रात्री अकरा वाजता भांडणाच्या भरात सांगायची गोष्ट नव्हे. आधी पाळक किंवा समुपदेशकाशी बोला, संबंध पूर्ण तोडा, आजाराची शक्यता असेल तर तपासणी करा आणि ते लगेच सांगा, त्यात वाट बघायची नाही. मारहाणीची भीती असेल तर एकट्यानं सांगू नका. तपशील विचारला तेवढाच. जाहीर साक्षीत तर तिसऱ्या माणसाचं नाव, गाव, ओळख पटेल अशी खूण काहीही नको. सभा चालवणाऱ्यानं माईक देण्याआधी हे सांगायचं असतं, नंतर नव्हे.

कागलचा_माणूस
हे पटलं. एक विचारतो. समोरच्यानं क्षमाच केली नाही तर? प्रभूनं तर सत्तर वेळा सातदा सांगितलंय.

ताराराणी_चौक
दादा, ते वचन ज्याचा अपराध झाला त्याच्यासाठी आहे. अपराध्यानं ते हातात घेऊन दार ठोठवायचं नाही. मत्तय १८ मधला दृष्टांत आकड्यांत बघा. एक दीनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी, एक तालंत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. पहिल्या चाकराला दहा हजार तालंत माफ झाले, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्यानं सोबत्याचा गळा धरला तो शंभर दीनारांसाठी. सहा लाख पटींचा फरक आहे. हा दृष्टांत स्वतःला वाचून दाखवायचा, सभासदाला नाही.

भेटायला जाल तेव्हा काय केलं ते सांगा, काय परत देणार ते सांगा, आणि उठा. "माफ केलं म्हणा ना" असं धरून बसू नका, सोबत चार वडीलजन नेऊन दबाव आणू नका. समोरचा ओरडला तर ऐकून घ्या. क्षमा मिळाली तरी विश्वास लगेच परत मिळत नाही. फॅट मारणाऱ्याला पुन्हा मशीनवर बसवायचं की नाही हे संस्था ठरवेल, आणि "मला क्षमा केली ना, मग खुर्ची का नाही?" हा प्रश्न त्यानं विचारायचा नसतो. मंडळीच्या खजिनदाराचंही तेच.

रंकाळा_सकाळ
शेवटचा प्रश्न राहिला. सगळं करूनही मन म्हणतं क्षमा झालीच नाही.

मागचा_बाक
दोन गोष्टी वेगळ्या करा. काही करायचं राहिलंय म्हणून टोचतंय का? मग ते करा, टोचणी बरोबर आहे. २ करिंथ ७:१० मध्ये ईश्वरप्रेरित दुःख आणि जगाचं दुःख वेगळं केलंय. पहिलं पश्चात्तापाकडं नेतं, दुसरं मरणाकडं. करायचं सगळं झालंय आणि तरी तेच पाप रोज नव्यानं कबूल केलं जातंय, तर त्याला पश्चात्ताप म्हणत नाहीत. तिथं नवी कबुली देऊ नका, दिलेल्या क्षमेबद्दल आभार माना. स्तोत्र ३२ त्यासाठी बरं पडतं.

शनिवारची_रांग
आमच्याकडं अशा माणसाला एकच फादर धरायला सांगतात, आणि एकदा सांगितलेलं पाप पुन्हा सांगायला मनाई करतात. तीन चर्चमध्ये तीन फादरांना तेच सांगत फिरलं की शंका वाढतच जाते. दिवसाचे तास यात जात असतील, शब्द चुकला म्हणून प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. हा ओसीडीचा, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती थांबत नाहीत अशा आजाराचा, प्रकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. त्याला "विश्वास कमी पडतोय" म्हणून आणखी उपवास करायला लावू नका. आणि कुणी मरायची भाषा करत असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

रंकाळा_सकाळ
छान झालं. गृहसभेत हे चार आठवड्यांत वाटून घेतो. पहिल्यांदा शौल-आखान, मग मत्तय ५ आणि १८, मग गणना ५ हिशेबासह, शेवटी स्तोत्र ३२.

वहीखाते
हिशेबाच्या दिवशी कागद आणि कॅलक्युलेटर द्या. पण कुणाचा कागद गोळा करू नका.

शनिवारची_रांग
गटात कॅथलिक कुणी असतील तर सांगा, पवित्र आठवड्याची वाट बघू नका. त्या आठवड्यात रांग दारापर्यंत येते आणि फादरांना प्रत्येकाला तीन मिनिटंही देता येत नाहीत. बऱ्याच वर्षांनी जाणार असाल तर आधी फोन करून वेगळी वेळ मागा. देतात.